रजेचा हिशेब

नमस्कार, श्रोतेहो.

रात्रीचे साडेनऊ. पानात पिठलं-भाकरी, कानात हेडफोन. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजलेले असतात. म्यूटचं बटण दाबायचं, घास घ्यायचा, नाव पुकारलं की घास गालात सारून ‘येस, येस’ म्हणायचं. हिंजवडीच्या बसमध्ये बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि आमचा कॉल साडेदहावर सरकतो. एवढंच बरं, की तेव्हा भाकरी तरी आधी खाऊन होते.

आज बोलायचंय नेटफ्लिक्सबद्दल. मालिकांबद्दल नव्हे, तिथल्या नोकरीबद्दल. १९९७ साली कॅलिफोर्नियात स्कॉट्स व्हॅली नावाच्या छोट्या गावात रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांनी ही कंपनी काढली. तेव्हा ती पोस्टाने डीव्हीडी पाठवायची. जानेवारी २०१६ मध्ये तिने एकाच दिवशी १३० नव्या देशांत सेवा सुरू केली, त्यात आपलाही देश होता.

मधल्या काळातली गोष्ट जास्त महत्त्वाची. २००१ मध्ये पैशांची चणचण आली आणि सुमारे एक तृतीयांश माणसं काढावी लागली. उरलेल्यांचं काम उलट सुधारल्यासारखं हेस्टिंग्जना वाटलं. त्यातून जो विचार घडत गेला, तो २००९ मध्ये शंभरावर स्लाइड्सच्या रूपाने त्यांनी जगासमोर ठेवला. सार असं : आम्ही कुटुंब नाही, संघ आहोत. बऱ्यापैकी काम करणाऱ्याला भरघोस रक्कम देऊन निरोप. साहेबाने स्वतःला विचारायचं, हा माणूस उद्या निघाला तर त्याला थांबवण्यासाठी मी जिवाचं रान करीन का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्याला आजच मोकळं करा. या स्लाइड्स घडवण्यात मोठा वाटा असलेल्या, मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख पॅटी मॅककॉर्ड यांनाही २०१२ मध्ये कंपनी सोडावी लागली. निदान नियम सगळ्यांना सारखा होता म्हणायचा.

त्याच स्लाइड्समध्ये रजेचं धोरण होतं : धोरणच नाही. संध्याकाळी, शनिवार-रविवारी केलेलं काम आपण मोजत नाही, मग रजेचे दिवस तरी का मोजायचे? ऐकायला छान वाटतं.

माझ्या एका जुन्या कंपनीने हीच कल्पना पुण्यात आणली. कंपनीचं नाव राहू दे. कायद्याची रजा कागदावर होतीच : महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस काम केलं की दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पण पोर्टलवरचा शिल्लक रजेचा आकडा एका सोमवारी गायब झाला. त्याजागी ‘हवी तेवढी घ्या’ असं लिहून आलं.

आधी डिसेंबर आला की ‘रजा लॅप्स होतील’ म्हणून माणसं हटकून गावी जायची. कोणी कोकणात, कोणी सासुरवाडीला. साहेबासमोर कारण सांगताना जीभ अडखळायची नाही, कारण रजा हक्काची, आकडा समोर दिसतोय. आकडा गेला आणि प्रत्येक रजा ही विनंती झाली. हवी तेवढी म्हणजे किती? शेजारच्या टेबलावरचा घेतो त्याहून एक कमी. त्या वर्षी मी नऊ दिवस घेतले, त्यातले तीन तापात गेले.

हेस्टिंग्जना हा धोका ठाऊक असावा. वर्षाला सहा आठवडे सुटी घेतो, असं ते चारचौघांत सांगत, म्हणजे खालच्यांना धीर यावा. रँडॉल्फ यांचं तर मला फारच आवडतं. कितीही घाई असो, ते दर मंगळवारी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला बायकोबरोबर बाहेर पडत. पाचला पाच कमी असताना कोणी काम घेऊन आलं, तर गाडीपर्यंत चालता चालता काय ते बोला.

आमच्याकडे पुढे एक नवी मॅनेजर आली, साताऱ्याकडची. तिने पहिल्याच वर्षी सगळ्यांना दिसेल अशा कॅलेंडरवर सलग पाच दिवस अडवून ठेवले आणि वर लिहिलं, ‘गणपती. फोन बंद.’ आणि फोन खरंच बंद होता, मी करून पाहिला. गौरी-विसर्जनापर्यंत टीममधल्या आणखी सात जणांनी आपापली नावं खाली टाकली होती.

नमस्कार.