ताप उतरला, परजीवी उरला

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा ओसरू लागला की नागपुरात मेडिकल-मेयोच्या ओपीडीत थंडीतापाचे पेशंट वाढतात, गडचिरोलीकडून आलेलेही असतात. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. तांबड्या पेशीत बारीक अंगठी दिसली, की मलेरिया. पण त्याच काचेवर कधी चंद्रकोरीच्या आकाराचा जीवही सापडतो. नवखा विद्यार्थी खुशाल दोन जंतू लिहून मोकळा होतो! दोन्ही एकच, मलेरियाचा परजीवी प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरम. जनुकंही तीच, सुमारे 5,300. फरक एवढाच, की कुठली चालू आहेत आणि कुठली बंद.

ही जनुकांची यादी 2002 साली हाती आली. पाठोपाठ 2003 मध्ये संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या रक्तात वाढवलेल्या परजीवीचे तासातासाला नमुने घेतले, सलग 48 तास. कारण तांबड्या पेशीतला त्याचा एक फेरा तेवढाच असतो. दिसलं असं, की जनुकं रांगेनं जागी होतात. ज्याचं काम ज्या वेळी, ते त्याच वेळी. पेशीत शिरल्यावर आधी प्रथिनं बनवायच्या यंत्रणेची, मग डीएनए दुप्पट करायची, आणि पेशी फोडून बाहेर पडायच्या सुमारास नव्या पेशीत घुसण्याची. आपल्याला हुडहुडी भरते ती या फुटण्याच्या वेळी.

यातले काही जीव मात्र वेगळी वाट धरतात. एपी2-जी नावाचं एक जनुक चालू झालं, की ते रक्तात वाढणं सोडून नर किंवा मादी व्हायला लागतात. त्यांना तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. हीच ती चंद्रकोर. यांच्यामुळे ताप येत नाही. ते डासाची वाट बघत असतात.

आता मला सगळ्यात नवल वाटतं ते या मादीचं. डासाच्या पोटात गेल्यावर लागणाऱ्या काही प्रथिनांचे संदेश, म्हणजे आरएनए, ती माणसाच्या रक्तात असतानाच उतरवून ठेवते, पण त्यावरून प्रथिन बनू देत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात नट तोंडाला रंग लावून विंगेत उभा असतो, एण्ट्रीची खूण होईपर्यंत हलत नाही, तसंच. इथली खूण म्हणजे डासाच्या पोटातला गारवा. आपल्या अंगापेक्षा तिथलं तापमान काही अंशांनी कमी, शिवाय झँथुरेनिक आम्ल हे डासातलं रसायन. पंधरा-वीस मिनिटांत एका नरापासून आठ शेपटीवाल्या नरपेशी सुटतात, मादीनं दाबून ठेवलेले संदेश मोकळे होतात. जनुकं नव्यानं वाचत बसायला वेळच नसतो. डासाचं पोट म्हणजे रक्त पचवण्याची जागा, तिथे रेंगाळला तो संपला.

पुढे डासाच्या लाळग्रंथीतला सडपातळ जीव आपल्या यकृतात पोहोचतो, तेव्हा पुन्हा दुसराच संच चालू. त्या जीवाच्या अंगावरच्या एका प्रथिनावरच आजची मलेरियाची लस बेतलेली आहे. म्हणजे रक्तातल्या परजीवीला ती ओळखत नाही.

औषधांचंही असंच. ताप आणणाऱ्या रूपाला मारणाऱ्या गोळ्या पूर्ण वाढलेल्या चंद्रकोरीवर फारशा चालत नाहीत, म्हणून फॅल्सिपेरममध्ये प्रायमाक्विनचा एक डोस वेगळा देतात. तो पेशंटपेक्षा त्याच्या शेजाऱ्यांसाठी असतो म्हणा ना! व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीचे काही जीव यकृतात निपचित पडून राहतात आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन 14 दिवस. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून लोक गोळ्या सोडतात आणि मग ‘पुन्हा डास चावला’ म्हणतात. रिपोर्टवर ‘पीएफ’ म्हणजे फॅल्सिपेरम आहे की ‘पीव्ही’ म्हणजे व्हायव्हॅक्स, हे डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून घ्या. गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत, आणि जी-6-पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण अशा माणसाच्या तांबड्या पेशी या गोळीनं फुटतात.