प्रबंधाचे लेखन मे महिन्यावर ढकलू नका

नमस्कार. सोलापूर आणि परिसरातील महाविद्यालयांत शिकवत असतानाच पीएच.डी. करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: "मे महिन्याच्या सुट्टीत बसून दोन प्रकरणे हातावेगळी करतो." माझ्या मते प्रबंध रखडतो तो याच भरवशावर. मे महिन्यात येथे पारा चाळिशीपार असतो, उत्तरपत्रिका तपासायच्या असतात, घरची लग्नकार्ये असतात. आणि हे सारे टळले तरी वर्षभर न लिहिलेल्या माणसाचे पहिले काही दिवस स्वतःचीच जुनी टिपणे उलगडण्यात जातात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी प्राध्यापकांच्या लेखनसवयींचा अभ्यास केला, तेव्हा मोठ्या सलग बैठकीची वाट पाहणाऱ्यांपेक्षा रोज थोडे लिहिणाऱ्यांच्या हातून अधिक लेखन होते, असे त्यांना आढळले. 'रोज'चा आग्रह मी धरणार नाही. तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत धावपळ करणाऱ्याला आठवड्यातून चार वेळा पाऊण तास पुरेसा आहे. मात्र हा वेळ वर्गातील तासाइतकाच पक्का ठरलेला असावा.

खरी अडचण वेळेपेक्षा कामाच्या आकाराची असते. "दुसरे प्रकरण लिहिणे" हे पाऊण तासाचे काम नव्हे. समजा, तुमचा विषय सोलापुरातील विडी कामगार महिला हा आहे. तर "कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीतील मुलाखतींपैकी पूर्वीच्या घरभाड्याविषयीची उत्तरे दोन परिच्छेदांत मांडणे" हे एका बैठकीचे काम झाले. लिहिताना एखादा संदर्भ आठवला नाही, तर तेथे "संदर्भ पाहणे" एवढेच लिहून पुढे जावे, कारण त्या क्षणी शोधगंगा हे प्रबंधांचे संकेतस्थळ उघडले की उरलेला वेळ इतरांचे प्रबंध चाळण्यात जातो. (हा मोह अभ्यासूपणाच्या वेशात येतो, म्हणून अधिक धोक्याचा.) उठण्यापूर्वी पुढच्या बैठकीत काय लिहायचे, ते एका ओळीत नोंदवावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करून संक्षिप्त अहवाल द्यावा लागतो. तो आदल्या रात्री जुळवण्यापेक्षा दर पंधरवड्याला, कच्ची का असेनात, चार पाने मार्गदर्शकांकडे पाठवण्याची त्यांच्याशी बोलून सोय करून घ्यावी.

परीक्षेच्या किंवा सोलापूरच्या सिद्धेश्वर (गड्डा) यात्रेच्या आठवड्यात बैठक चुकलीच, तर ती थकबाकी म्हणून पुढच्या बैठकीत मिळवू नये. नेहमीच्या वेळी नेहमीचा पाऊण तास बसावे.