आळसाचा जंतू

(माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड यांच्या सीमेवरील मक्याचे शेत. बांधावर रुतलेला चुनखडीचा दगड.]

बांधाच्या गवतात अर्धा बुडालेला हा दगड इंग्लंडहून जहाजाने आलेला आहे. त्याच्या एका अंगावर ‘पी’ आणि दुसऱ्या अंगावर ‘एम’ कोरलेले दिसते. पी पेनसिल्व्हेनियाचा आणि एम मेरीलँडचा. या दोन वसाहतींची मालकी असलेल्या पेन आणि कॅल्व्हर्ट या घराण्यांत हद्दीवरून कित्येक दशके तंटा चालू होता, आणि तो मिटवण्यासाठी चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन या दोन इंग्रजांनी १७६३ ते १७६७ या काळात ताऱ्यांचे वेध घेत ही रेषा आखली. भाऊबंदकीच्या वादात तालुक्याचा मोजणीदार बोलवावा, तशातलाच हा प्रकार होता. दर मैलाला असा एक दगड आणि दर पाचव्या मैलाला दोन्ही घराण्यांची कुलचिन्हे कोरलेला दगड, अशी त्यांची रीत होती.

पुढे पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला, मेरीलँडने ती १८६४ पर्यंत चालू ठेवली, आणि दोन जमीनदारांच्या भांडणातून निघालेली ही रेषा उत्तर आणि दक्षिण अमेरिकी राज्यांमधली सरहद्द म्हणून लोकांच्या मनात पक्की बसली. रेषेच्या वरचा माणूस घाईचा, तुसडा आणि पैशाला चिकटलेला. खालचा माणूस अगत्यशील, देवभोळा, अडाणी आणि आळशी. ही दोन चित्रे आजही अमेरिकेत विनोदांपासून निवडणुकांच्या भाषणांपर्यंत सर्वत्र वापरात आहेत. या चित्रफितीत आपण प्रामुख्याने त्यातल्या एका शब्दाचा माग घेणार आहोत, आणि तो शब्द आहे ‘आळशी’.

[दृश्य : हस्तलिखित पत्राचा जवळून घेतलेला भाग.]

१७८५ मध्ये, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसन यांनी एका फ्रेंच मित्राला, मार्की द शास्तेल्यू यांना, पत्रातून दोन्ही बाजूंच्या स्वभावांची चक्क यादी करून पाठवली. उत्तरेकडचे लोक थंड, संयमी, कष्टाळू आणि चिकाटीचे असतात, पण ते स्वार्थी, लबाड आणि धर्माच्या बाबतीत ढोंगी असतात. दक्षिणेकडचे लोक तापट, विलासी, आळशी आणि चंचल असतात, पण ते उदार आणि मनमोकळे असतात, असे त्यांचे म्हणणे होते. प्रवाशाने उपकरण न वापरता केवळ माणसांच्या स्वभावावरून आपण कोणत्या अक्षांशावर आहोत हे ओळखावे, इतका हा फरक नियमित आहे, असेही ते लिहितात. दक्षिणेच्या दोषांचे खापर त्यांनी उष्ण हवामानावर फोडले. दक्षिणी माणूस स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी आग्रही असतो आणि इतरांचे स्वातंत्र्य मात्र तुडवतो, हे वाक्यही त्याच यादीत आहे. लिहिणारे गृहस्थ स्वतः व्हर्जिनियाचे होते आणि आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलामांचे मालक होते.

यादीतली एक नोंद मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. दक्षिणेला कोणत्याही संघटित धर्माची फारशी ओढ नाही, असे जेफरसन यांना दिसले होते. आज हाच प्रदेश अमेरिकेचा ‘बायबल पट्टा’ म्हणून ओळखला जातो. हवामान तेच राहिले आणि स्वभाव मात्र उलटा झाला.

[दृश्य : नॉर्थ कॅरोलायनाचा पूर्व भाग, पहाटेपूर्वीचा अंधार. विटांची लांब भट्टी, निखारे.]

पूर्व नॉर्थ कॅरोलायनात बार्बेक्यू म्हणजे अख्खे डुक्कर. ओक आणि हिकरी या झाडांची लाकडे बाजूला जाळून त्यांचे निखारे तयार करायचे आणि ते फावड्याने भट्टीच्या तळाशी पसरत राहायचे. खांदे आणि मांड्या जाड असतात, म्हणून त्यांच्याखाली निखारे जास्त; मधला भाग पातळ असतो, म्हणून तिथे कमी. भट्टीवर पाणी शिंपडून किंवा नुसत्या हाताने धग जोखत हा माणूस रात्रभर जागा आहे, कारण चरबी निखाऱ्यांवर ठिबकून भडका उडाला तर सगळे काम वाया जाते. मांस शिजले की ते कुटून त्यात व्हिनेगर आणि लाल मिरचीचे पातळ पाणी मिसळतात. साउथ कॅरोलायनाच्या मध्यभागात त्याऐवजी मोहरीची पिवळी चटणी येते, आणि टेक्सासमध्ये तर डुकराची जागा गाय घेते. हे तंत्र मोठ्या प्रमाणावर गुलाम कृष्णवर्णीय आचाऱ्यांच्या हातून घडले आहे. ज्या प्रदेशाला साऱ्या देशाने आळशी ठरवले, त्याचे सर्वांत नावाजलेले पक्वान्न रात्रभर जागल्याशिवाय होत नाही, हे इथे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

[दृश्य : रस्त्याकडेचे उपाहारगृह. चहाचे पातेले, साखर, बर्फ.]

दक्षिणेत थंड चहा मागितला की तो गोडच येतो. चहा कडक उकळलेला असतानाच त्यात साखर विरघळवतात आणि नंतर बर्फ घालतात. उत्तरेत तोच चहा बिनसाखरेचा येतो, साखरेची पुडी शेजारी मिळते आणि ती थंड चहात कितीही ढवळली तरी तळाशीच बसते. वाढणारी मुलगी प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘मॅम’ आणि ‘सर’ म्हणते. इकडे मुलांना हे वळण घरातूनच लावले जाते, आणि उत्तरेतल्या पाहुण्याला मात्र ते कधी कधी उपरोधिक वाटते. स्वर लांबवत सावकाश बोलण्याचेही तेच. ऐकणारा त्या संथपणावरून बोलणाऱ्याची बुद्धी जोखतो.

[दृश्य : कृष्णधवल छायाचित्रे. अनवाणी मुले, फिकट चेहरे, लाकडी झोपड्या.]

आता आपल्या शब्दाकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेतील गरीब शेतकरी खरोखरच मंद हालचालींचा, निस्तेज आणि कामात पटकन थकणारा दिसत असे. ते पाहणाऱ्याला दृष्टिभ्रम झालेला नव्हता. चुकले होते ते निदान.

चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स हे न्यूयॉर्क राज्यात जन्मलेले आणि जर्मनीत शिकलेले प्राणिशास्त्रज्ञ होते. १९०२ मध्ये त्यांनी अंकुशकृमी (हूकवर्म) या आतड्यातल्या जंताच्या एका वेगळ्या जातीचे वर्णन केले आणि दक्षिणेच्या ग्रामीण भागात तिचा प्रादुर्भाव मोठा असल्याचे वॉशिंग्टनमधील एका परिषदेत मांडले. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने ‘आळसाचा जंतू सापडला?’ असा मथळा दिला, आणि देशभर हशा पिकला.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकातून दिसणारी अळी.]

पडद्यावर वळवळणारी ही अळी ओलसर, उबदार, वाळूमिश्रित मातीत वाढते. जिथे शौचालय नाही तिथे विष्ठेतून अंडी मातीत पडतात, अळ्या बाहेर येतात आणि अनवाणी चालणाऱ्याच्या पायाच्या बोटांमधल्या मऊ कातडीतून आत शिरतात. तिथे प्रथम खाज सुटते. मग रक्तावाटे ती फुप्फुसात जाते, श्वासनलिकेतून वर घशात येते, गिळली जाते आणि लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त पिऊ लागते. एका कृमीने फारसे बिघडत नाही, पण शेकडो कृमी वर्षानुवर्षे पोटात असलेले मूल पांढरेफटक पडते, त्याची वाढ खुंटते, त्याला धडा आठवत नाही आणि कुदळ उचलवत नाही. जेफरसन यांनी दोष दिलेल्या उष्ण हवेचा संबंध होता, तो एवढाच की ती या अळीला मानवत होती.

एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. १९०८ मध्ये स्टाइल्स एका सरकारी आयोगाबरोबर दक्षिणेतून रेल्वेने जात असताना फलाटावर पाय ओढत चालणारा एक कृश माणूस दिसला. हा काय प्रकार आहे, असे एका सहप्रवाशाने विचारले, तेव्हा स्टाइल्स यांनी उत्तर दिले की हा आळस नसून कृमींचा आजार आहे आणि पन्नास सेंटांच्या औषधाने तो बरा होईल. मूळचे नॉर्थ कॅरोलायनाचे असलेले संपादक वॉल्टर हाइन्स पेज त्याच प्रवासात होते. त्यांच्या ओळखीतून हा विषय तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांच्या मंडळींपर्यंत गेला, आणि १९०९ मध्ये रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर देऊन एक आरोग्य आयोग उभा केला.

[दृश्य : तंबूसमोर जमलेली गर्दी, टेबलावर काचेच्या बरण्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेली मुलगी.]

ही छायाचित्रे आयोगाच्या फिरत्या दवाखान्यांची आहेत. अकरा राज्यांत हे काम चालले. लोक बैलगाड्या आणि घोडागाड्यांतून, शिदोरी बांधून, जत्रेला यावे तसे येत. बरण्यांत ठेवलेले कृमी पाहत, नमुना देत आणि औषध घेऊन जात. औषध होते थायमॉल, म्हणजे आपण ज्याला ओव्याचे फूल म्हणतो ते. त्या काळी ते मुख्यतः भारतातून निर्यात होणाऱ्या ओव्यापासून काढले जाई. आदल्या रात्री जुलाबाचे औषध, सकाळी उपाशीपोटी थायमॉल, नंतर पुन्हा जुलाबाचे औषध, आणि त्या दिवशी दारू व स्निग्ध पदार्थ पूर्ण वर्ज्य, कारण त्यांत विरघळलेले थायमॉल अंगात भिनून विषारी ठरत असे. तपासलेल्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांना लागण झालेली आढळली. १९१४ च्या अखेरीपर्यंत जवळपास सात लाख लोकांना औषध दिले गेले.

विरोधही झाला, आणि तो समजण्यासारखा होता. उत्तरेतला एक गडगंज तेलसम्राट येतो आणि आम्हा सर्वांच्या पोटात किडे आहेत असे जाहीर करतो, हे अनेकांना झोंबले. जॉर्जियातील मेथडिस्ट बिशप वॉरन कँडलर यांनी दक्षिणेची बदनामी होत असल्याची जाहीर तक्रार केली. रॉकफेलर आता बुटांच्या धंद्यात उतरणार आहेत, म्हणून सर्वांना बूट घालायला सांगत आहेत, अशीही वदंता पसरली. गैरसमज असा दोन्ही बाजूंनी पोसला जातो. मोहिमेनंतर ज्या भागांत लागण जास्त होती तिथे मुलांची शाळेतली हजेरी आणि साक्षरता अधिक वेगाने वाढल्याचे पुढील अभ्यासांत आढळले.

[दृश्य : लोवेल, मॅसॅच्युसेट्स. संग्रहालयात चालू असलेले यंत्रमाग.]

उत्तरेच्या ‘कष्टाळू’पणाचे चित्रही थोडे जवळून पाहायला हवे. लोवेल येथील या मागांचा आवाज इतका आहे की प्रेक्षकांना कानात बोळे घालायला सांगतात. एकोणिसाव्या शतकात इथे विणला जाणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे, आणि न्यू इंग्लंडमध्ये विणलेले जाडेभरडे कापड त्याच गुलामांच्या अंगावर चढण्यासाठी पुन्हा दक्षिणेत जात असे. मराठी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाच्या न्यू जर्सीतही, आजन्म शिकाऊ कामगार असे सोज्वळ नाव देऊन, १८६० च्या जनगणनेत अठरा गुलामांची नोंद आहे. १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली, आणि कापसाच्या त्या तुटवड्यावर मुंबईत अफाट पैसा आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो बुडाला.

उत्तरेच्या बाजूने साडेतीन लाखांहून अधिक सैनिक त्या युद्धात मृत्यू पावले, हेही तितकेच खरे आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ते लोक कल्पनेतले नव्हते. पण तो मान साऱ्या उत्तरेच्या स्वभावाचा म्हणून देता येत नाही. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून गेले, आणि ५ ऑगस्ट १९६६ रोजी उत्तरेतल्या शिकागोच्या मार्क्वेट पार्कमध्ये घरांच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या डोक्याला दगड लागला. मिसिसिपी आणि अलाबामातही आपण इतका द्वेष पाहिला नव्हता, असे ते म्हणाले.

[दृश्य : डॅलसच्या बाहेरील नव्या वसाहती, विमानातून.]

वातानुकूलन आले, कारखाने आणि संगणक कंपन्या दक्षिणेकडे सरकल्या, आणि माणसांचा ओघ उलटा वाहू लागला. २०२० च्या जनगणनेनुसार दक्षिणेत १२ कोटी ६० लाखांहून अधिक लोक राहतात. ईशान्येकडील राज्यांत ५ कोटी ७६ लाख. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०१९ चे अधिवेशन डॅलसमध्येच भरले होते. या नव्या रहिवाशांना कोणी आळशी म्हणत नाही.

[दृश्य : लाउंड्स परगणा, अलाबामा. घरामागे उघड्यावर येणारी प्लॅस्टिकची नळी, साचलेले पाणी.]

इथली माती चिकट आहे आणि पाणी शोषत नाही, त्यामुळे नेहमीची शोषटाकी चालत नाही, आणि या जमिनीला चालणारी यंत्रणा बसवण्याचा खर्च इथल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. सांडपाण्याची सोय न केल्याबद्दल इथल्या रहिवाशांनाच दंडाची आणि कारवाईची भीती दाखवली जात असे. केंद्रीय न्याय खात्याच्या चौकशीनंतर मे २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाशी करार झाला, दंडाची कारवाई थांबली आणि यंत्रणा बसवण्याच्या कामाला दिशा मिळाली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने तो करार रद्द केला.