पूल खालून बघायचा असतो

(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, प्रतापगड कोणी कोणी पाहिलाय? हात वर करा बघू. वा, जवळजवळ सगळेच. आता त्याच गडाच्या पायथ्याला पार गावी जो शिवकालीन पूल आहे, त्याच्या खाली कोण उतरलंय? दोन... तीन. ठीक आहे, त्या तिघांनी आज माझ्या बाजूने बसायचं.

आपल्याकडे किल्ल्यांची वही ठेवणारी माणसं घरोघरी आहेत. लेणी, मंदिरं, धबधबे, सगळं आपण आवडीने बघतो. पूल मात्र ओलांडतो आणि विसरतो. अहो, पुलावरून जाताना दिसतो तो कठडा आणि डांबर! बांधणाऱ्याने जीव ओतलेला असतो तो खाली, पाण्यात. म्हणून माझं एकच मागणं आहे, गाडी बाजूला लावा आणि नदीत उतरा.

पारचंच बघा. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना इथे नुकतीच डोंगरातून बाहेर पडलेली असते. त्या खोऱ्यातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. श्रावणात ती दगडगोटे आणि आख्खी झाडं घेऊन येते. याच पारला १६५९ साली अफजलखानाचा तळ पडला होता. अशा नदीवर दगडी कमानींचा पूल घालायचा, आणि तो साडेतीनशे वर्षं उभा राहायचा, म्हणजे काय हिशेब केला असेल?

दिवाळीनंतर पाणी उतरलं की वरच्या अंगाला, प्रवाहाकडे तोंड करणाऱ्या बाजूला जाऊन उभे राहा. खांब नावेच्या नाळेसारखे निमुळते केलेत. पाणी त्यांच्यावर आदळत नाही, दुभंगून जातं. वाहून आलेला ओंडका आडवा अडकत नाही, घसरून निघतो. मग कमानीखाली या आणि मान वर करा. प्रत्येक दगड पाचरीसारखा तासलेला, शेजारच्याला रेटणारा. वरून जितकं ओझं येईल तितकी कमान आवळत जाते. तिथे लोखंड नाही, सिमेंट नाही. सांध्यात बोट फिरवा, चुना लागेल. घाण्यात मळलेला चुना! (मागून कोणीतरी विचारतंय, गूळ घालत होते का? घालायचे, बऱ्याच ठिकाणी. पारला घातला होता की नाही, ते दगडच जाणोत.)

आता माझं दुखणं सांगतो, आणि ते जरा लांबणार आहे. एका ब्रिटिशकालीन पुलाच्या कठड्यात कोरीव शिळा होती. बांधकामाचं साल होतं, खर्चाचा आकडा होता. रंगरंगोटीच्या कामात तिच्यावर पिवळ्या-काळ्या ऑइलपेंटचे पट्टे ओढले गेले. एकावर एक इतके थर, की अक्षरं बुजली. मी संबंधित कार्यालयात अर्ज दिला. उत्तर आलं, रंगकाम नियमानुसार झालेलं आहे. असेलही! पण गडावरच्या शिलालेखाला कोणी असा रंग फासला असता, तर आपण सगळे रस्त्यावर आलो असतो. त्याच पुलाच्या सांध्यात पिंपळ उगवलाय. हौसेने फांद्या छाटतात आणि मूळ तसंच ठेवतात. मूळ दरवर्षी जाड होतं, दगड फाकवतं, पावसाचं पाणी आत शिरतं आणि चुना धुऊन नेतं. फांदी छाटल्याचं बिल निघतं, मुळाचं कोण बघणार? हे वरून दिसतच नाही हो, खाली उतरावं लागतं!

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत म्हणे. विषय तर ‘तीन नद्यांची पूलयात्रा’ असा जाहीर केलाय, तेव्हा पटापट सांगतो.

महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचं पाणी एकत्र येतं अशी श्रद्धा आहे. त्यातल्या तीन धरा: कोयना, सावित्री, कृष्णा. कोयनेचा पार झाला. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा आणि महाडला सावित्रीपाशी थांबा. इथला १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं अंधारात त्या पाण्यात गेली. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. काठावर दोन मिनिटं थांबा. पूर खांबाच्या बुडाशी भोवरे करून तळ उकरतो, त्यामुळे वरून धडधाकट दिसणारा पूल खालून पोकळ झालेला असू शकतो.

मग घाट चढून परत देशावर. कराडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते, तिथून सांगली. आयर्विन पूल, १९२९ सालचा. पावसाळ्यात अख्खी सांगली एकमेकांना विचारते, “आयर्विनला पाणी किती?” चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. पाणी जिथवर चढलं होतं त्या उंचीखाली उभं राहून मान वर करा, मग तो आकडा कळतो. वेळ असेल तर रत्नागिरीजवळ कोकण रेल्वेचा पानवलचा पूलही बघा. ६४ मीटर उंच आहे, आणि वरचा गाळा, म्हणजे खांबांवर टेकलेला पुलाचा भाग, एका टोकाकडून ढकलत ढकलत पुढे नेलाय. दरीत उतरून वर बघाल, तर गाडी आभाळातून गेल्यासारखी वाटते.

एक ताकीद. हे सगळं पावसाळा सोडून. पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ ला पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, चार जीव गेले. जुन्या पुलावर घोळक्याने उभे राहू नका. धरणाखाली असाल तर पाणी सोडण्याची वेळ गावात विचारल्याशिवाय पात्रात पाय टाकू नका.

आणि प्रत्येकाने आपल्या गावाजवळचा एक पूल घ्या. मे महिन्यात खांबाच्या बुडाचा फोटो काढा, दिवाळीनंतर त्याच जागेवरून पुन्हा काढा. फरक दिसला तर दोन्ही फोटो जोडून बांधकाम खात्याच्या उपविभागात अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.