माईक बंद

(पहाट. मिरकरवाडा बंदर.)

पहाटेचे पाच. रात्रभर समुद्रात राहिलेले ट्रॉलर मिरकरवाड्याच्या धक्क्याला लागतायत. बर्फ फुटतोय, टोपल्या उतरतायत, लिलावाची बोली चढतेय. याच रत्नागिरीत, याच वेळी, आणखी एक जण रात्र जागून आता कुठे आडवा होतोय.

(भाड्याची खोली. पाठमोरा मुलगा. भिंतीवर फोनचा उजेड.)

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चेहरा दाखवू नका म्हणाला.

रात्रभर फोनवर खेळत होता. खेळ असा. शंभरपर्यंत खेळाडू, चौघांचा एक स्क्वॉड. विमानातून उडी मारायची, खाली उतरून हत्यारं गोळा करायची. नकाशावरचं वर्तुळ आवळत येतं. बाहेर राहिलात की संपलात. मॅच साधारण अर्ध्या तासाची. जिंकलं की रँक वर, लवकर मेलं की खाली. घसरलेली रँक घेऊन झोपवत नाही, म्हणून आणखी एक मॅच. सीझन, म्हणजे खेळाचा ठरावीक काळ, संपला की रँक मागे ओढतात, पुन्हा चढण सुरू. खेळणाऱ्याने उठू नये, अशीच ही रचना आहे.

एवढ्यावरून कोणी आजारी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली. त्यात गेमिंगचा विकार ओळखायला तास मोजलेले नाहीत. ताबा सुटणं, सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसूनही खेळत राहणं, आणि हे साधारण १२ महिने.

कॉलेजच्या मुलांमध्ये असं खेळणं आणि नैराश्य बरेचदा एकत्र सापडतं. आधी काय आलं, हे एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कळत नाही. खचलेल्या मनाला खेळात विसावा मिळतो. झोप गेली, माणसं तुटली की तेच मन आणखी खचतं. हा म्हणतो, "मजा कधीच संपली होती. खेळताना काय आठवायचं नाही, एवढंच."

फोन हिसकावून घेणाऱ्या प्रत्येक आईबाबांनी हे वाक्य एकदा ऐकावं.

दोन विषय राहिलेत. घरी अजून ठाऊक नाही.

(भाट्याचा पूल. मोटारसायकल.)

खेळताना तो माईकवर अखंड बोलायचा. मग खेळ चालू, माईक बंद. स्क्वॉडमधल्या पावस गावच्या मुलाच्या ते ध्यानात आलं. त्याने साधा फोन लावला. "जेवलास काय रे?"

पुढे दोघांनी मिळून टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन केला. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मग प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी. १८८६ पासूनचं हे रुग्णालय. त्याच्या नावाने एकमेकांना चिडवणं आपण आता तरी सोडायला हवं. तिथे पहिला प्रश्न खेळाचा नव्हता, झोपेचा होता.

ओपीडीची आजची तारीख आटोपून दोघं भाट्याकडे निघालेत. मागे बसलेला काहीतरी सांगतोय. वाऱ्यामुळे आम्हाला ते ऐकू आलेलं नाही.