पूर्वेकडच्या बाकांवरचे ऊन

[सकाळी सव्वाआठ. रिकामे स्टेडियम. पूर्वेकडील स्टँडमधला एक बाक, जवळून.]

पडद्यावर दिसणारा हा ॲल्युमिनियमचा बाक या क्षणी हाताला गार लागतो. रात्रीचे दव अजून त्याच्यावर आहे आणि बोट फिरवले की ओली रेघ उमटते. हाच बाक आपण दुपारी पुन्हा पाहणार आहोत, म्हणून त्याच्या कडेवरचा १७ हा आसनक्रमांक लक्षात ठेवावा.

हे गेन्सव्हिल आहे, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या उत्तर भागातले विद्यापीठाचे गाव. ऑगस्ट संपत आला की येथे महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम उघडतो. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळला जाणारा खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, डोक्याला हेल्मेट आणि खांद्यांना जाड पॅड बांधून, समोरच्याच्या अंगावर धडकत खेळायचा हा खेळ आहे. बेन हिल ग्रिफिन स्टेडियम १९३० मध्ये एका नैसर्गिक खोलगट जागेत उभे राहिले, त्यामुळे मैदान भोवतालच्या जमिनीच्या खाली आहे, आणि पुढच्या दशकांत एकावर एक चढत गेलेल्या स्टँडनी त्याला असे वेढले आहे की बाहेर झाडाचे पान हलत असले तरी आत वारा म्हणून जाणवत नाही. येथील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाचे चिन्ह मगर असल्याने प्रशिक्षक स्टीव्ह स्परिअर यांनी १९९० च्या दशकात या मैदानाला ‘द स्वॉम्प’, म्हणजे दलदल, असे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले. येथे सुमारे ८८ हजार माणसे बसतात.

या दिवसांत येथील दुपारचे तापमान साधारण ३२ ते ३३ अंश सेल्सिअस असते. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल, परंतु त्याने मुंबईतला ऑक्टोबर आठवावा. विदर्भातल्या मे महिन्यात घाम येतो तोच वाळून जातो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. येथे हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने घाम नुसता ओघळतो, सदरा पिळून निघतो आणि शरीर थंड काही होत नाही.

[मैदानाच्या कडेला तिपाई. तिच्यावर काळा गोळा असलेले उपकरण.]

म्हणूनच या उपकरणाला केवळ तापमान विचारून भागत नाही. काळा गोळा उन्हाचा ताप अंगावर घेतो, ओल्या वातीचा तापमापक हवेतल्या दमटपणाचा हिशेब ठेवतो आणि तिसरा तापमापक सावलीतली हवा मोजतो. मग ओल्या वातीला सत्तर टक्के, गोळ्याला वीस टक्के आणि कोरड्या हवेला दहा टक्के वजन देऊन एक आकडा काढतात. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण छावण्यांसाठी बसवली गेली, कारण तेथे नवे रंगरूट कवायतीत कोसळत होते. सत्तर टक्के वजन दमटपणाच्या बाजूला आहे, यातच फ्लोरिडाची सगळी दुपार आली. सराव किती वेळ चालवायचा, मध्ये विश्रांती किती द्यायची, पॅड उतरवायचे की सराव बंदच करायचा, हे या आकड्यावरून ठरते.

[खेळाडू वजनकाट्यावर. काट्याचा आकडा. वहीत नोंद.]

हा तरुण लाइनमन आहे, म्हणजे आघाडीच्या रांगेत भिंतीसारखा उभा राहणारा गडी. असे खेळाडू एकशेतीस-चाळीस किलोंचे असतात, आणि शरीराच्या मानाने त्वचा कमी पडत असल्याने उष्माघाताचा धोका त्यांनाच सर्वांत जास्त असतो. सरावाआधी आणि सरावानंतर त्याचे वजन होते. दोन तासांत तीन किलो उतरले, तर ते तीन किलो चरबीचे नसून पाण्याचे आहेत, हे येथे प्रत्येकाला पाठ आहे. ते भरून येईपर्यंत ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या प्रकृतीकडे पाहणारा माणूस, त्याच्या मागे बाटली घेऊन फिरतो.

उन्हाची सवय शरीराला लावावी लागते आणि त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो, त्यातले मीठ कमी होते आणि रक्तातला द्रवभाग वाढतो. महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने २००३ मध्ये याचा नियमच केला: पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हेल्मेट आणि खांद्याचे पॅड, आणि पाचव्या दिवशी पूर्ण पोशाख. पुढे दिवसातून दोनदा सराव घेण्याची जुनी प्रथाही बंद झाली.

[प्रयोगशाळा, जुनी कृष्णधवल छायाचित्रे, काचेच्या बाटल्या.]

हे शहाणपण या मैदानावर एका अगदी साध्या, किंबहुना चारचौघांत विचारायला अवघड वाटेल अशा प्रश्नातून आले. १९६५ मध्ये ड्वेन डग्लस या सहायक प्रशिक्षकाने विद्यापीठातील मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट केड यांना विचारले, की आमची मुले सामन्यात आठ-आठ किलो वजन गमावतात आणि तरी त्यांना लघवीला होत नाही, असे का? केड आणि त्यांचे सहकारी डॅना शायर्स, जेम्स फ्री आणि अलेहान्द्रो दे केसादा यांनी त्याचा पाठपुरावा करायचे ठरवले. मुख्य प्रशिक्षक रे ग्रेव्ह्ज यांनी परवानगी दिली, पण प्रयोग पहिल्या वर्षाच्या पोरांवर करा, माझ्या मुख्य संघाला हात लावू नका, या अटीवर.

निष्कर्ष असा निघाला, की मुलांचे सगळे पाणी घामावाटे जात असल्याने मूत्रपिंडाकडे काही उरतच नाही, घामासोबत सोडियम जाते, रक्ताचे आकारमान घटते आणि साखरही खाली येते. त्यावर त्यांनी पाणी, मीठ आणि साखर यांचे मिश्रण तयार केले. ते चवीला इतके वाईट होते, की घोट घेताच ओकारी यावी. त्यात लिंबू पिळा, ही सूचना केड यांच्या पत्नी मेरी यांची. मराठी घरात उन्हातून आलेल्या माणसापुढे जो पेला धरतात, त्यापासून हे मिश्रण फार लांब नाही, आणि आपण ज्याला लिंबू सरबत म्हणतो तेच पुढे कोट्यवधी डॉलरचे पेय झाले, ही गंमत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

१ ऑक्टोबर १९६५ रोजी नवख्या मुलांचा दुय्यम संघाशी सरावसामना झाला. पूर्वार्धात मार खात असलेली नवखी मुले हे पेय पिऊन उत्तरार्धात उलटली आणि प्रशिक्षकांनी त्याच संध्याकाळी मुख्य संघासाठीही ते मागितले. दुसऱ्या दिवशी कडक उन्हात लुइझियाना स्टेट या विद्यापीठाच्या संघाविरुद्ध फ्लोरिडाने १४–७ असा विजय मिळवला. २ जानेवारी १९६७ च्या ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात जॉर्जिया टेक विद्यापीठाचा संघ फ्लोरिडाकडून २७–१२ असा हरला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक बॉबी डॉड यांनी, त्यांच्याकडे ते पेय होते आणि आमच्याकडे नव्हते, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्यानंतर या पेयाचे गेटोरेड हे नाव देशभर झाले आणि विद्यापीठाला त्याच्या कमाईतला वाटा अजून मिळतो.

साखर आणि मीठ एकत्र असले, की आतड्याच्या भिंतीतून ती जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले होते. त्याच तत्त्वावर १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी देऊन असंख्य प्राण वाचवले. एका बाजूला सधन विद्यापीठाचा संघ आणि दुसऱ्या बाजूला चिखलातली छावणी. आतड्याला मात्र त्यातला फरक कळत नाही.

[दुपारी अडीच. तोच बाक, १७ क्रमांक. एक विद्यार्थिनी त्यावर टॉवेल अंथरते.]

हा आपला सकाळचा बाक. टॉवेलाची चौपदरी घडी केल्याशिवाय त्यावर आता कोणी बसत नाही, आणि या मुलीने घडी घालण्यापूर्वी बोटाच्या टोकाने बाक चाचपून हात कसा झटकला, ते पाहावे. विद्यार्थ्यांच्या जागा पूर्वेच्या बाजूला आहेत आणि साडेतीनला सुरू होणारा सामना सातच्या सुमारास संपेपर्यंत मावळतीकडे झुकणारा सूर्य त्यांच्या समोर असतो. समोरच्या पश्चिम बाजूला पत्रकारांचा उंच कक्ष, म्हणजे प्रेसबॉक्स, आणि काचेमागच्या वातानुकूलित खोल्या आहेत. त्यांची सावली त्यांच्याच खालच्या बाकांवर आधी पडते.

आत छत्री आणता येत नाही, कारण मागच्याला दिसत नाही. पिशवी पारदर्शकच लागते. मग टोपी, पातळ फिक्या रंगाचा सदरा, ओला करून मानेवर टाकायचा टॉवेल, बॅटरीवरचा हातपंखा आणि पाणी, एवढ्यावर साडेतीन तास काढायचे असतात. यांतली निम्मी मंडळी सकाळपासून वाहनतळावर निखाऱ्यांशेजारी बिअर पीत उभी होती, म्हणजे मैदानात शिरण्यापूर्वीच अंगातले पाणी उणे झालेले असते. मैदानातल्या खेळाडूच्या अंगावर वीस माणसांची नजर आहे, त्याच्या लघवीचा रंगसुद्धा तक्त्याशी ताडून पाहिला जातो. या बाकावर बसलेल्या मुलीचे वजन कोणी केलेले नाही आणि उन्हाची सवय लागावी म्हणून तिला चौदा दिवस कोणी दिलेले नाहीत.

[मार्चिंग बँड. सूझाफोनच्या पितळेवर चमकणारे ऊन, नंतर वादकाचा खांदा.]

बँडमधल्या मुलांची गत खेळाडू आणि प्रेक्षक यांच्या मधली आहे. हा सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती वेढून घ्यायचे मोठे पितळी वाद्य, दहा-बारा किलोंचा असून तो खांद्यावर घेऊन कवायत करायची असते. हंगामाच्या सुरुवातीच्या सामन्यांत अनेक विद्यापीठांचे बँड जड लोकरी गणवेश बाजूला ठेवून साधा टी-शर्ट आणि अर्धी चड्डी घालतात, आणि शिस्तीच्या लोकांना ते कितीही गबाळे वाटले तरी त्याहून शहाणा निर्णय या मैदानात दिवसभरात दुसरा झालेला दिसत नाही. वाजवणाऱ्याने खांद्यावर रुमाल का ठेवला आहे, हे पितळेला हात लावल्यावर आम्हाला कळले.

[आकाश. पश्चिमेला गडद ढग. मग प्रक्षेपणाच्या गाड्या, केबलींचे जाळे.]

दुपारी असे ढग जमले की बाकांवरचे लोक सुखावतात, पण आठ मैलांच्या आत वीज पडली की खेळ थांबतो आणि शेवटच्या विजेपासून तीस मिनिटे मोजली जातात. २०१४ मध्ये आयडाहोविरुद्धचा सामना एकच खेळी होऊन थांबला आणि पुढे रद्दच झाला.

सामना दुपारी का, याचे उत्तर या गाड्यांत आहे. सुरुवातीची वेळ वाहिन्यांच्या वेळापत्रकाशी जुळवून ठरते: दुपारचे बारा, साडेतीन किंवा रात्र. रात्रीची वेळ सर्वांना मिळू शकत नाही, हे खरे. तरीही १९६५ मध्ये येथे हरलेल्या लुइझियाना स्टेटने बॅटन रूज या आपल्या गावी १९३१ सालीच दिव्यांच्या प्रकाशात सामना भरवला होता आणि त्यामागच्या कारणांत दुपारची उष्णता आणि दमटपणा हे कारण स्पष्टपणे नोंदलेले आहे. शनिवारची रात्र ही तेथील परंपरा झाली. ज्या काळात वातानुकूलन ही चैन होती, त्या काळात ज्यांना हे सुचले, त्यांच्याकडे उन्हाचा आकडा सांगणारा काळा गोळा नव्हता.

[मैदानाच्या कडेला पाण्याने भरलेला टब. ट्रेनर त्यात बर्फाची पोती रिकामी करतो.]

हा टब फक्त एका कामासाठी आहे. शरीराचे आतले तापमान ४०.५ अंशांच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, की रुग्णवाहिकेची वाट न पाहता त्याला आधी यात बुडवायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे. अर्ध्या तासात तापमान ३९ अंशांच्या खाली आणता आले, तर माणूस जवळजवळ नक्की वाचतो. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा खेळाडू सरावात उष्माघाताने कोसळला, त्याला वेळेवर असे थंड केले गेले नाही आणि दोन आठवड्यांनी तो गेला. फ्लोरिडा राज्याने २०२० मध्ये शालेय क्रीडासरावांसाठी असा टब कायद्याने सक्तीचा केला.

प्रेक्षकांतून ज्यांना चक्कर येते, त्यांना प्रथमोपचार कक्षात नेतात. तेथे कॅमेरा नेता येत नाही.

[पावणेसात. पूर्वेकडील स्टँड. सावलीची रेघ पायऱ्या चढते.]

पश्चिम बाजूची सावली मैदान ओलांडून पूर्वेच्या पहिल्या ओळीला लागली आहे. ती वर सरकताना दिसते: आधी खालच्या ओळींतल्या टोप्या उतरतात, मग त्यांच्या मागच्या. १७ क्रमांकाच्या बाकापर्यंत ती सात वाजायला पाच मिनिटे असताना पोहोचली. टॉवेल अजून तेथेच आहे.

[सामन्यानंतर. टबचे बूच निघते, पाणी गवतावर वाहते.]

टब आज लागला नाही. ट्रेनर तो कलता करून रिकामा करतो, आणि बर्फाचे न विरघळलेले तुकडे पूर्वेच्या कठड्याशी उभी असलेली पोरे ओंजळ पुढे करून मागून घेतात.