फोनमधली नोंदवही कशी सुरू करावी

नमस्कार श्रोतेहो. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर, गॅसचा ग्राहक क्रमांक जुन्या पावतीच्या मागे, डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख कुणाला तरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली. ऐन वेळी यातलं काहीच हाताला लागत नाही. म्हणून आज फोनमधल्या नोंदींच्या अॅपबद्दल बोलू या, खास करून ज्यांनी असं अॅप कधी उघडलेलंच नाही त्यांच्यासाठी.

एव्हरनोट, वननोट, नोशन, अशी नावं पुष्कळ ऐकू येतील. निवडीत अडकू नका, गूगल कीप घ्या. २०१३ साली आलेलं हे अॅप फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं, आणि जीमेल खातं असलं की पुरे. अधिकचं चिन्ह दाबा, वर शीर्षक, खाली मजकूर. सेव्हचं बटण शोधत बसू नका. मागे आलात की नोंद जपलेली असते. टाइप करायचा कंटाळा असेल, तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी जोडून माइक दाबा आणि बोला.

आता माझं आग्रहाचं सांगणं. बहुतेक जण पहिल्याच दिवशी लेबलं, म्हणजे नोंदींचे गट, करतात, रंग निवडतात, आणि त्या मांडामांडीतच दमतात. पहिला महिना यातलं काहीही करू नका. नुसतं लिहा आणि वरच्या शोधपट्टीत शोधा. नोंद लिहिण्यापेक्षा ती सापडणं मोलाचं. "महत्त्वाचं" असं शीर्षक दिलंत, तर दोन महिन्यांनी तुम्हीच तो शब्द शोधणार नाही. शिवाय "पाण्याची मोटर" लिहून "पाणी" शोधलंत, तर ती सापडेलच असं नाही, कारण अक्षरं बदलली. म्हणून शीर्षकात साधे, सुटे शब्द ठेवा: "मोटर, पाणी, दुरुस्ती". खाली लिहा: "१२ जून. कपॅसिटर बदलला. ३५० रुपये. सहा महिन्यांची हमी." आणि लिपी एकच ठेवा, आज देवनागरी आणि उद्या रोमन असं नको.

बाजाराच्या यादीसाठी चौकटींची नोंद करा, म्हणजे प्रत्येक वस्तूपुढे खूण करायला चौकट असते. घरातल्या माणसाला त्याच्या जीमेल पत्त्यावरून तीत जोडता येतं. मंडईत त्यानं कोथिंबिरीवर खूण केली, की तुम्हाला घरबसल्या दिसते. दोघांनी दोन जुड्या आणायचं टळतं. तिथे नेट नसलं तरी खूण करता येते, नेट आलं की ती तुमच्याकडे पोचते.

चुकून नोंद काढून टाकलीत, तर घाबरू नका, ती सात दिवस कचरापेटीत असते. त्यानंतर मात्र कायमची जाते. जुनी पण हवी असलेली नोंद काढून न टाकता अर्काइव्हमध्ये ठेवा. शोधल्यावर ती तिथूनही सापडते.

एटीएमचा पिन आणि बँकेचे पासवर्ड मात्र इथे कृपा करून लिहू नका. फोन उघडा असताना ज्याच्या हाती पडेल, त्याला या सगळ्या नोंदी वाचता येतात. नमस्कार.